ताटाची विचारपूस

रायपूरमध्ये 1935 साली स्थापन झालेलं महाराष्ट्र मंडळ आज चौबे कॉलनीत आहे. छत्तीसगडात मराठी माणूस आला तो नागपूरकर भोसल्यांच्या काळात. बोलण्यात हिंदी मिसळली, तरी इथल्या मराठी घरांतला वरणभात काही सुटला नाही. उलट ‘धान का कटोरा’ म्हणवणाऱ्या या मुलखाने त्यात आपली भर घातली : तांदळाचा चीला म्हणजे धिरडं, वाफवलेला फरा, उन्हाळ्यात बोरे बासी म्हणजे पाण्यात भिजवलेला भात. सकाळी पोहे, दुपारी भात, रात्री पुन्हा भात, मध्ये साखरेचा चहा, असा दिवस इथे अगदी सहज उभा राहतो.

अशा घरातल्या सत्तरीच्या काकूंना मधुमेह निघाला आणि डॉक्टरांनी ‘भात बंद’ एवढंच सांगितलं, तर त्यांचं अर्धं ताट रिकामं होतं. त्या जागी काय वाढायचं, हे कुणी सांगत नाही. चार दिवस काकू निभावून नेतात, मग भात परत येतो. फरक इतकाच की पुढच्या खेपेला तो डॉक्टरांपासून लपवला जातो.

हे दुखणं चौबे कॉलनीपुरतं नाही. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीने 2023 मध्ये भारतातल्या मधुमेहींची संख्या 10.1 कोटी सांगितली. त्याच पाहणीतल्या आहाराच्या अभ्यासानुसार आपल्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे 62 टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात, आणि प्रथिनं मात्र कमी पडतात. शिवाय आपली शरीरंच वेगळी आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के! ‘मी कुठे जाडा आहे?’ असं विचारणाऱ्या प्रत्येक आजोबांना डॉक्टरांनी हा फोटो दाखवायला हवा.

चांगला डॉक्टर सुरुवात बंदीपासून करत नाही. तो विचारतो, “काकू, काल सकाळपासून काय काय खाल्लंत?” मग हळूहळू खऱ्या गोष्टी बाहेर येतात. दात हलतात म्हणून भाकरी सुटली आणि मऊ भात वाढला. काका गेल्यापासून एकटीसाठी भाजी करावीशी वाटत नाही, लोणचं आणि पापडावर जेवण उरकतं. औषधांच्या चिठ्ठीत हे कुठेच नसतं. आणि रक्तदाब का उतरत नाही, याचं उत्तर अनेकदा त्या पापडात असतं. दिवसाला मीठ 5 ग्रॅमच्या आत हवं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सगळं मिळून एक चहाचा चमचा.

म्हातारपणी आणखी एक धोका असतो, तो म्हणजे स्नायू झिजण्याचा. केवळ कमी खाऊन वजन उतरवलं तर चरबीबरोबर ताकदही जाते. अमेरिकेत 65 वर्षांवरच्या 107 स्थूल माणसांवर वर्षभर केलेला एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. नुसता आहार बदलणाऱ्यांची शारीरिक क्षमता 12 टक्के सुधारली, नुसता व्यायाम करणाऱ्यांची 15 टक्के, आणि दोन्ही करणाऱ्यांची 21 टक्के. चरबी सोडून उरलेलं वजनही, नुसत्या आहारवाल्यांच्या तुलनेत, दोन्ही करणाऱ्यांमध्ये कमी घटलं. व्यायामाबरोबरच, स्नायू टिकावेत म्हणून ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं सुचवली जातात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा. साठ किलोच्या काकूंना 60 ते 72 ग्रॅम हवीत. पातळ वरणाने ते भागत नाही. घट्ट डाळ, दही, पनीर, चालत असतील तर अंडी, असं दिवसभरात विभागून खावं लागतं.

महाराष्ट्रात आहाराची चर्चा घराघरात नेली ती नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर मोहीम उभी करणाऱ्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी : दोनच जेवणं, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत, आणि रोजचं चालणं. लोकांना आपल्या ताटाकडे बघायला लावलं, हे या मोहिमेचं मोठं काम. पण ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्या आजोबांनी शेजाऱ्याचं ऐकून जेवणं कमी केली, तर साखर एकदम खाली जाऊन घेरी येते, पडणं होतं, खुब्याचं हाड मोडतं. ताट आणि गोळी एकत्रच बदलावी लागतात. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या चाचणीत रोज साडेआठशेच्या आसपास कॅलरी देताना मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या. नर्स आणि आहारतज्ज्ञ वर्षभर सोबत होते. वर्षाअखेरीस 46 टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात आला, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत फक्त 4 टक्क्यांचा. मात्र त्यात 65 वर्षांवरचे रुग्ण घेतलेच नव्हते, हे सत्तरीच्या माणसाने विसरू नये.

मग काकूंच्या ताटात काय? छत्तीसगडचं कोठार यासाठी फार चांगलं आहे. मुनग्याची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची भाजी, लाल भाजी, चेच भाजी. दोन भातांपैकी एका भाताच्या जागी कोदो हे भरडधान्य. कोदोत तंतू जास्त असले तरी पिष्ट असतंच, त्यामुळे वाटी एकच. तांदळाच्या चील्याऐवजी मुगाचा चीला केला की न्याहरीतच प्रथिनं येतात. आधी भाजी आणि डाळ, भात शेवटी, हा क्रमही जेवणानंतरची साखर कमी चढवतो. बोरे बासी खायची असेल तर दह्याबरोबर, लहान वाटीत, वरून मीठ न घालता.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, पाहायची. धडधाकट ज्येष्ठासाठी 7 ते 7.5 च्या आत चांगली. आजार अनेक असतील तर 8 पर्यंतही चालते, उगाच खाली ओढू नये. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-12 जीवनसत्त्वही तपासून घ्यावं. आणि दवाखान्यात जाताना घरात स्वयंपाक करणाऱ्याला बरोबर न्यावं : महिन्याला किती तेल लागतं, डाळीत पाणी किती पडतं, लोणच्याची बरणी कधी संपते, याची उत्तरं बहुधा त्यांच्याकडेच असतात.