न दिसणारी जमेची बाजू

‘मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची?’ हा प्रश्न मराठी माणसाच्या ओठांवर पिढ्यान्‌पिढ्या आहे. आज तो निराळ्या अर्थाने गल्लोगल्ली उभा राहिला आहे. बेवारस मांजरांची संख्या वाढत असते, बोक्यांच्या भांडणांनी रात्रीची झोप मोडते, पावसाळ्यात जिन्याखाली पिले मरून पडतात, आणि ‘कोणीतरी काही केले पाहिजे’ यावर सर्वांचे एकमत होते. हे ‘कोणीतरी’ होण्याचे जे ठरवितात, त्या स्वयंसेवकांच्या कार्याचा, म्हणजे भटक्या मांजरांच्या निर्बीजीकरणाचा, हा अल्प परिचय. या कार्यात समाधान आहे, तसा मनस्तापही आहे. दोहोंचा ताळेबंद आधीच मांडून घेतला तर कार्य मध्येच सुटत नाही.

महानगरात या कामाला संस्था व रुग्णालये यांचा आधार मिळतो. त्याची खरी कसोटी लागते ती मध्यम आकाराच्या जुन्या गावात. तमिळनाडूतील कुंभकोणम्‌चे उदाहरण घ्यावे. मराठी वाचकाला हे नगर परके नाही. तंजावरच्या भोसले राजवटीच्या काळात येथे मराठी कुटुंबे स्थायिक झाली. पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदा या संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये येथेच जन्मले. कावेरीच्या सुपीक खोऱ्यातील हे मंदिरांचे गाव. आदिकुंभेश्वर, सारंगपाणी, नागेश्वर अशी मोठी देवालये, त्यांभोवतीच्या रथवीथी, एकमेकांना लागून असलेली कौलारू घरे, बाजारपेठ आणि भाताची कोठारे. जेथे धान्य तेथे उंदीर आणि जेथे उंदीर तेथे मांजर, हा क्रम अशा गावात सहज जुळतो. जवळच्या तंजावरातील सरस्वती महाल ग्रंथालयात हत्ती व घोडे यांवरील शास्त्रग्रंथांची हस्तलिखिते जतन केलेली आहेत. दारातल्या मांजराच्या वाट्याला मात्र असे शास्त्र फार उशिरा आले.

चक्रवाढीचे गणित

मांजराची मादी साधारण चार ते सहा महिन्यांची होताच माजावर येऊ शकते. गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असतो आणि पिले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. एका जोडीपासून सात वर्षांत चार लाख वीस हजार मांजरे होतात, असा एक आकडा जगभर छापला गेला आहे. तो एकही पिलू मरत नाही असे गृहीत धरतो, म्हणून तो विश्वासार्ह नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील अभ्यासात मोकाट मादीला वर्षाला सरासरी १.४ वेत आणि प्रत्येक वेतात साधारण तीन पिले असे प्रमाण आढळले. त्या पिलांपैकी सुमारे ७५ टक्के सहा महिन्यांच्या आत मेली किंवा बेपत्ता झाली.

म्हणजे एका मादीमागे वर्षाला चार पिले जन्मतात आणि त्यांपैकी तीन जगत नाहीत. आपल्याकडे हे प्रमाण थोडे निराळे असेल. परंतु वाहनाखाली, कुत्र्याच्या तोंडी किंवा उपासमारीने जाणारी पिले येथेही सर्वांच्या पाहण्यात आहेत. एका मादीची शस्त्रक्रिया होते तेव्हा दरवर्षीचे हे तीन मृत्यू टळतात. न घडलेली गोष्ट कोणाला दिसत नाही. या कार्याची सर्वांत मोठी जमा अशी अदृश्य असते, आणि स्वयंसेवकाच्या निराशेचे मूळही बरेचसे यातच आहे.

चेन्नई आणि मुंबई

भटक्या प्राण्यांची संख्या मारून कमी करण्याऐवजी शस्त्रक्रियेने आटोक्यात ठेवावी, हा विचार भारतात रुजविण्यात तमिळनाडूचा वाटा मोठा आहे. कॅप्टन व्ही. सुंदरम्‌ यांनी १९५९ मध्ये स्थापन केलेल्या ‘ब्लू क्रॉस ऑफ इंडिया’ने १९६४ मध्ये कुत्र्यांसाठी हा उपक्रम सुरू केला. चेन्नई महापालिकेने त्याचा अंगीकार केला तो १९९६ मध्ये, म्हणजे तब्बल ३२ वर्षांनी. केंद्र शासनाचे २००१ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम नावाप्रमाणेच श्वानांपुरते होते. २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले.

मांजरांकडे लक्ष आणखी उशिरा गेले. मुंबई महानगरपालिकेने भटक्या मांजरांच्या निर्बीजीकरणाचा कार्यक्रम २०१९ मध्ये हाती घेतला. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय १८८३ पासून मुंबईत उभे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे हा विलंब किती मोठा, ते कळते. इटलीने मात्र १९९१ मध्येच कायदा करून मोकाट मांजरांना त्यांच्या जागी जगण्याचा हक्क आणि त्यांच्या निर्बीजीकरणाची तरतूद, अशा दोन्ही गोष्टी एकत्र दिल्या होत्या.

पकडण्यापासून सोडण्यापर्यंत

पद्धत सांगायला सोपी आहे. मांजर पकडावे, शस्त्रक्रिया व लसीकरण करून घ्यावे, आणि जेथून आणले तेथेच सोडावे. प्रत्यक्षात प्रत्येक पायरीवर चिकाटी लागते. आधी काही दिवस ठरलेल्या वेळी व ठरलेल्या जागी खाऊ घालून मांजरांना सवय लावावी लागते. मग आपोआप दार पडणारा पिंजरा मांडायचा. आत सुकी मासळी ठेवली की तिच्या वासाने मांजर येते. पण एकदा पिंजऱ्यातून निसटलेले मांजर पुन्हा महिनोन्‌महिने फिरकत नाही. दार पडताच पिंजऱ्यावर चादर टाकावी. अंधारात मांजर शांत होते. भूल देण्यापूर्वी प्रौढ मांजराचे पोट रिकामे असावे लागते. नेमके त्याच रात्री शेजारची एखादी मायाळू आजी त्याला दहीभात घालते आणि दुसऱ्या दिवशीची शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते!

बोक्याची शस्त्रक्रिया लहान असते. मादीचे पोट उघडून अंडाशय व गर्भाशय काढावे लागते, त्यामुळे तिला पुरेशी विश्रांती आणि देखरेख हवी. भुलीत असतानाच कानाचे टोक सरळ कापतात. ही खूण लांबूनही दिसते आणि तेच मांजर दुसऱ्यांदा पकडले जाण्याचा प्रसंग टळतो.

कुंभकोणम्‌पासून चेन्नई सुमारे ३०० किलोमीटर दूर. तंजावर जिल्ह्यातच ओरत्तनाडू येथे २०१२ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही त्या भागाची मोठी सोय. तरीही पिंजरा घेऊन जाणे, थांबणे, परत आणणे आणि घरातील एखाद्या खोलीत जखम भरेपर्यंत मांजराला सांभाळणे, याचा वेळ व खर्च बहुधा स्वयंसेवकालाच सोसावा लागतो.

नावेची बाजू

श्रमांपेक्षा जड जातात ती माणसे. मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते, अशी समजूत आपल्याकडे जुनी आहे. परिणामी मांजराला मारायला हात धजत नाही. पण डोळे न उघडलेली पिले पोत्यात घालून बाजारात सोडायला तोच हात कचरत नाही. उपाशी मरेल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे अनेकांच्या गावीही नसते.

‘मुक्या जिवाचे आईपण हिरावणे पाप नाही का?’ असे एकजण विचारतो. ‘पकडलेच आहे तर दूर कोठेतरी सोडून या’ असे दुसरा सुचवितो. पहिल्याला पिलांच्या मृत्यूचे गणित समजावून सांगावे. दुसऱ्याला सांगावे की अन्न व आसरा आहे तोवर रिकाम्या झालेल्या जागी नवी मांजरे येतात. जुने, निर्बीज मांजर जागेवर राहिले तर ते उंदीरही धरील आणि वेतही वाढविणार नाही. शिवाय कधी शस्त्रक्रियेनंतर एखादे मांजर दगावते. हे दुःख कोणत्याही आकड्याने भरून निघत नाही, आणि पुष्कळजण याच ठिकाणी काम सोडतात.

आणखी एक नुकसान स्वयंसेवक स्वतःच ओढवून घेतात. जेथून हाक येईल तेथे धावून ते गावभर एकेक मांजर पकडतात. गल्लीतील दहा माद्यांपैकी तीनच झाल्या, तर उरलेल्या सात वर्षाच्या आत सारा हिशेब पूर्ववत करतात. म्हणून एकच गल्ली निवडावी, तेथील प्रत्येक मांजराची नोंद वहीत करावी, शेवटची मादी होईपर्यंत ती गल्ली सोडू नये, आणि मगच पुढील गल्लीत पाऊल टाकावे.

मुदत मोठी, परतावा निश्चित

अशा चिकाटीचे फळ काय, याचे उत्तर सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या आवारातील नोंदींत मिळते. १९९१ ते २००२ या अकरा वर्षांत तेथे १५५ मांजरांची नोंद ठेवली गेली. त्यांपैकी ४७ टक्के मांजरांना घरे मिळाली. १९९५ नंतर त्या आवारात एकही पिलू जन्मले नाही. १९९६ मधील ६८ ही संख्या २००२ मध्ये २३ वर आली. बाहेरून नवी मांजरे येतच होती. परंतु आलेल्या प्रत्येकाची वेळीच दखल घेतली गेली.

अकरा वर्षे हा काळ कुंभकोणम्‌च्या रहिवाशाला फार वाटू नये. तेथील महामहम्‌ उत्सव बारा वर्षांनी येतो. मागील २०१६ मध्ये झाला, पुढील २०२८ मध्ये आहे. एका महामहम्‌पासून दुसऱ्यापर्यंत वाट पाहण्याची सवय असलेल्या गावाला एक रथवीथी पूर्ण करण्याइतका धीर धरणे अशक्य नाही.

दरम्यान लहान लाभ मिळतच राहतात. बोक्यांची भांडणे व रात्रीचे ओरडणे कमी होते, भिंतींवरची दुर्गंधी ओसरते, सततच्या बाळंतपणाने खंगलेल्या मादीच्या अंगावर मांस चढते. तक्रार करणारा शेजारी एके दिवशी स्वतःच दूरध्वनी करून सांगतो, की कान न कापलेले एक नवे मांजर अंगणात आले आहे.

ज्या वाचकांना पिंजरा हाती घेणे शक्य नाही, त्यांनाही करण्यासारखे पुष्कळ आहे. एका शस्त्रक्रियेचा खर्च उचलावा, रुग्णालयापर्यंत वाहन द्यावे, चार दिवस एखादी खोली मोकळी करून द्यावी. जे मांजरांना रोज खाऊ घालतात, त्यांनी ठरलेल्या वेळी घालावे आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री, मन घट्ट करून, भांडे रिकामे ठेवावे.