जळक्या ग्रीसचा वास

कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या उताराचं नाव आहे 'रीपॅक'. 1976 मध्ये तिथे काही तरुण जाड टायरच्या जुन्यापान्या सायकलींवरून शर्यती लावू लागले. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, पेडल उलटं दाबलं की लागणारा. उतारात उंची सुमारे 400 मीटरने घटते. सायकलसह 90 किलो वजन तेवढं खाली आलं, की सुटणारी ऊर्जा लिटरभर पाणी उकळायला पुरेल! तिचा मोठा वाटा त्या मुठीएवढ्या हबमध्ये उष्णता होऊन कोंडायचा. ग्रीस जळून धूर निघायचा. मग हब खोलून त्यात पुन्हा ग्रीस भरायचं, म्हणून उताराचं 'रीपॅक' हे नाव. माउंटन बाइकच्या जन्मकथेतलं हे साधेपण मला फार मोलाचं वाटतं. 1977 मध्ये त्यांच्यातल्याच जो ब्रीझने खास डोंगरासाठी नवी सायकल घडवली.