खोक्यांचं व्यासपीठ

लॉस एंजेलिस, 1906. अझुसा स्ट्रीटवरच्या 312 क्रमांकाच्या इमारतीत एकेकाळी चर्च होतं, पुढे तळमजल्यावर घोडे बांधले जायचे. तिथंच एप्रिलमध्ये कृष्णवर्णीय ख्रिस्ती धर्मोपदेशक विल्यम सीमोर यांनी उपासना सुरू केली.

सीमोर हे गुलामगिरीतून सुटलेल्या आईवडिलांचे पुत्र, एका डोळ्याने अंध. ह्यूस्टनच्या बायबल शाळेत वर्णभेदामुळे त्यांना वर्गाबाहेर बसून शिकावं लागलं होतं. त्यांच्या स्वतःच्या सभेत मात्र कुणालाच बाहेर बसावं लागलं नाही! जमिनीवर भुसा, पिंपांवर टाकलेल्या फळ्या हीच बाकं आणि एकावर एक ठेवलेली दोन लाकडी खोकी म्हणजे व्यासपीठ. सीमोर पुष्कळदा वरच्या खोक्यात डोकं घालून प्रार्थना करत. परक्यांची धुणी धुणाऱ्या कृष्णवर्णीय बाया, गोरे पाद्री, मेक्सिकन मजूर शेजारीशेजारी गुडघे टेकत. दानाचं तबक फिरत नसे. दाराजवळ पेटी होती, ज्याला जमेल त्याने टाकावं.

त्या काळच्या अमेरिकेत काळ्या-गोऱ्यांनी असं एकत्र बसणं हे केवढं धाडस होतं!

आपल्याकडे केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये अशीच आध्यात्मिक जागृती 1905 मध्येच झाली होती. दुष्काळातून वाचलेल्या मुली तिथं तासन्‌तास एकत्र प्रार्थना करत.

अझुसाची इमारत 1931 मध्ये पाडली गेली. केडगावचं मुक्ती मिशन आजही सुरू आहे.