चित्रपट आणि समाजशास्त्राचा तास

महाविद्यालयात चित्रपट दाखविला जातो तो बहुधा करमणुकीसाठी. समाजशास्त्राच्या अध्यापकाने मात्र तो पाठ्यवस्तू म्हणून हाताळणे इष्ट होय. चित्रपट चांगला की वाईट, हा प्रश्न अशा वेळी बाजूला ठेवावा लागतो. पडद्यावर कष्ट कोण करतो, मालकी कोणाची, बोलण्याचा अधिकार कोणाला, आणि कोण मुळीच दिसत नाही, हे विद्यार्थ्यांनी शोधावयाचे असते.

१९८१ सालच्या ‘एक दुजे के लिए’ या हिंदी चित्रपटाचे उदाहरण घ्यावे. कथा गोव्यात घडते. परंतु नायकाचे घर तमिळ, नायिकेचे हिंदी भाषक. भाषाभेदातून उद्भवलेला दोन घरांचा तंटा हाच कथेचा गाभा. गोव्यात कोकणी-मराठीचा प्रश्न त्या काळी धगधगत होता व १९८७ साली राजभाषा कायदा झाला. त्या प्रश्नाची चाहूलही पडद्यावर लागत नाही. पेडण्याच्या विद्यार्थ्याला त्यातील समुद्र ओळखीचा वाटेल, माणसे वाटणार नाहीत.

श्याम बेनेगल यांचा ‘त्रिकाल’ (१९८५) अधिक सखोल अभ्यासास योग्य आहे. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या दिवसांतील एका ख्रिस्ती जमीनदार घराण्याची ही कथा. घरात राबणारी मिलाग्रेनिया ही मृत धन्याचीच अनौरस कन्या. विधवा मालकीण तिला माध्यम करून पतीच्या आत्म्यास पाचारण करते. येतो तो राणे बंडखोराचा आत्मा, आणि पूर्वजांच्या अपराधाचे स्मरण करून देतो. वाड्याने दडपलेले सत्य मोलकरणीच्या मुखातून बाहेर पडते, ही योजना विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावी.

डिचोली तालुक्यातील साखळी हे राण्यांचे ठाणे असल्याने तेथील मुलांनी बंडाच्या कथा घरी ऐकलेल्या असण्याचा संभव आहे. वर्गात खरी चर्चा येथेच रंगते. राण्यांचा झगडा परकीय सत्तेशी होता, तसा तो स्वतःच्या मोकाशाच्या हक्कांसाठीही होता. मग जमीन कसणारे कूळ कोणाच्या बाजूचे? चित्रपट या प्रश्नाचे उत्तर देत नाही. घरोघरच्या वीरकथांतही ते क्वचितच सापडेल.

म्हणून चित्रपट पाहिल्यानंतर विद्यार्थ्यांस आपापल्या गावी पाठवावे. १९६४ चा कूळ कायदा व १९७५ चा मुंडकार कायदा येण्यापूर्वी आपल्या वाड्यावर भाटकाराशी कसे बोलावे लागे, खंड किती द्यावा लागे, घराचे छप्पर कोणाच्या परवानगीने शाकारले जाई, हे वडीलधाऱ्यांना विचारून, त्यांच्याच शब्दांत, वहीत उतरवून आणावे. पुढच्या तासाला तोच चित्रपट त्या वह्या समोर ठेवून पुन्हा पाहावा.