शिसं की तांबं?

मॅडिसन, विस्कॉन्सिन : नोव्हेंबर

“हरीन मारतस आन सरकार कोनलेच धरत नही का?” रनाळ्याहून काकांनी फोनवर विचारलं. नाही धरत, काका. सरकारच परवाना विकतं, तारखा जाहीर करतं आणि हरीण पडलं की त्याची नोंद करा म्हणतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खटला उभा राहतो. रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, उभं पीक उडवलं तरी आधी वनखात्याची परवानगी. इथे थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी बंदुकीचा ९ दिवसांचा हंगाम सुरू होतो आणि अर्धं राज्य भडक नारिंगी जाकीट घालून जंगलात शिरतं. एकट्या विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीचे परवाने साडेपाच लाखांच्या आसपास जातात आणि त्या ९ दिवसांत अलीकडे दरवर्षी दीड लाखाहून जास्त हरणं पडतात. तरी हरणं कमी होत नाहीत. लांडगे थोडे, मका अमाप!

ही मोकळीक फुकटची नाही. १९७३ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचं शिक्षण घेतल्याखेरीज सहसा परवाना मिळत नाही. रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे आणि १९३७ च्या कायद्याने तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडेच जातो. मारलेल्या रानटी हरणाचं मटण विकायला बंदी आहे. ते घरच्या फ्रीझरमध्ये जातं, नाहीतर शेजाऱ्यापाजाऱ्यांत आणि गरिबांच्या अन्नछत्रात वाटलं जातं.

आमच्या गल्लीतले एक निवृत्त शाळामास्तर हंगामाची काडतुसं तळघरात स्वतः भरतात. हे इथे कायदेशीर आहे आणि हौशी माणसं पिढ्यान्‌पिढ्या करतात. काडतुसाचे भाग चार : पितळी नळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. उडते ती फक्त गोळी. रिकामी नळी उचलून आणायची, साफ करायची, साच्यात दाबून मूळ मापाची करायची आणि पुन्हा भरायची. थोडे पैसे वाचतात, पण खरा हेतू आपल्या रायफलीला मानवेल असं काडतूस मिळवणं हा. दारूच्या मापात मास्तर स्वतःचं डोकं चालवत नाहीत. छापील कोष्टक सांगेल तेवढीच, कणभरही पुढे नाही. डोकं लागतं ते गोळी निवडताना.

त्यांची रायफल थर्टी-ऑट-सिक्स, म्हणजे १९०६ साली अमेरिकी लष्कराने घेतलेल्या काडतुसाची. तिला पाऊण सेंटीमीटरहून किंचित जाड गोळी लागते. वजन ग्रेनमध्ये मोजतात. १५० ग्रेनची गोळी पावणेदहा ग्रॅमची. नवशिक्याला वाटतं, जड गोळी घेतली की काम झालं. मास्तर म्हणतात, वजन नंतर, आधी बांधणी बघा. हरणाच्या बरगड्या पातळ असतात. सेकंदाला साडेआठशे मीटरांच्या पुढे वेग असलेली फार कडक गोळी त्यातून न फुलता आरपार जाते आणि जखमी हरीण दलदलीत जाऊन मरतं, कुणाच्याच हाती न लागता. फार मऊ असेल, तर खांद्याच्या हाडावरच तुकडे होतात, आत पोचत नाही, आणि खांद्याचं मटणही जातं. हवी अशी, की शिरताच टोक अळंबीसारखं उमलेल आणि मागचा भाग जड राहून फुप्फुसापर्यंत जाईल. कागदी लक्ष्यावर सगळ्यात नेमकी लागणारी स्पर्धेची गोळी म्हणूनच जंगलात बाद. ती जनावरात कशी वागेल याची खात्री तिचे कारखानदारही देत नाहीत. एकाच भोकात पाच गोळ्या घालण्याच्या नादात हौशी लोक हेच विसरतात, असं माझं मत.

जॉन नोस्लर नावाच्या शिकाऱ्याला १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात मूस या धिप्पाड हरणावर नेहमीच्या गोळ्यांनी दगा दिला. त्याने शिशाचे दोन भाग करून मध्ये तांब्याची भिंत घातली : पुढचा फुलतो, मागचा शाबूत राहतो. ती ‘पार्टिशन’ गोळी आजही विकली जाते.

फुलणाऱ्या गोळीच्या कुळकथेतलं एक पान आपल्याकडचं आहे. कोलकात्याजवळच्या दमदम कारखान्यात १८९० च्या दशकात इंग्रजांनी मऊ टोकाची गोळी बनवली. तिच्या जखमा इतक्या भयंकर, की १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्या युद्धात वापरायला बंदी आली. शिकारीत न्याय उलटा. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हरणावर न फुलणारी गोळी झाडणं हाच गुन्हा. सैनिक जखमी होऊन वाचावा, हरीण मात्र लगेच मरावं, हा हिशेब पचायला मला वेळ लागला.

सध्याचा वाद धातूचा आहे. नेहमीच्या गोळीत तांब्याच्या कवचाखाली शिसं असतं. फुलताना त्याचे बारीक कण जखमेपासून लांबवर मांसात पसरतात; दिसत नाहीत, दाताखालीही येत नाहीत. २००८ मध्ये नॉर्थ डकोटाच्या आरोग्य खात्याने दान आलेलं असं मटण वाटू नका, असं अन्नछत्रांना कळवलं. तिथल्या ७३८ जणांचं रक्त तपासलं, तेव्हा शिकारीचं मांस खाणाऱ्यांत शिसं थोडं जास्त निघालं. त्या वेळच्या धोक्याच्या रेषेपर्यंत कुणीच पोचलं नव्हतं, हेही खरं.

पक्ष्यांचे हाल मात्र वाईट. शिकारी आतडी जंगलातच टाकून येतो आणि गरुड ती खातात. ३८ राज्यांतल्या १,२१० गरुडांचा अभ्यास २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला, जवळजवळ निम्म्यांच्या हाडांत शिसं साठलेलं होतं. गुरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅकने आपली गिधाडं संपवली आणि २००६ मध्ये त्या औषधाच्या जनावरांवरच्या वापरावर बंदी आली, ती गोष्ट ठाऊक असणाऱ्याला इथलं गणित लगेच कळतं. कॅलिफोर्नियात काँडोर या महागिधाडांची संख्या १९८२ मध्ये २२ वर आली होती. त्या राज्याने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद केली. विस्कॉन्सिनमध्ये हरणासाठी तशी सक्ती नाही.

मास्तरांनी यंदा सक्तीविना निखळ तांब्याच्या गोळ्या आणल्या. त्या महाग, आणि हिशेबही बदलतो. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि नळीत दारूची जागा खाते. फुलायलाही वेग जास्त लागतो. म्हणून जिथे ते १६५ ग्रेन वापरत, तिथे १५० वर उतरले. इथल्या दाट झाडीत नेम बहुधा शंभर यार्डांच्या आतला, त्यामुळे वेगाची अडचण येत नाही. तिथे शिशाचा हट्ट निव्वळ सवयीचा आणि किमतीचा, असं माझं मत झालं आहे.

तुमच्यापैकी कुणी लेकी-सुनांकडे या दिवसांत अमेरिकेला येणार असाल आणि ताटात हरणाचं मटण आलं, तर कोणत्या गोळीचं ते खुशाल विचारा. इथे याचा कुणाला राग येत नाही. घरात लहान मूल किंवा गर्भवती असेल तर जरूर विचारा, आणि उत्तर ‘शिसं’ असेल तर त्यांच्या ताटात ते वाढू नका.