परसातली कोंबडी (भाग ५) : कोंबडा निवडताना

तलंगा कशा पारखायच्या ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आता कोंबडा. नुसती अंडी खायची असतील तर त्याची गरज नाही. कोंबडी त्याच्याशिवायही अंडी घालते, फक्त त्यातून पिलं निघत नाहीत. पिलं हवी असतील आणि कोंबड्या दिवसभर मोकळ्या चरणार असतील, तर कोंबडा हवाच. आठ-दहा कोंबड्यांमागे एक पुरतो. चार कोंबड्यांत दोन कोंबडे ठेवले, तर कोंबड्यांच्या पाठीवर पिसं उरत नाहीत.

बाजारात बहुतेक जण तुरा आणि वजन बघतात. माझा आग्रह आहे, आधी त्याला चरताना बघा. मूठभर ज्वारी टाका. चांगला कोंबडा लगेच खात सुटत नाही. दाणा चोचीत उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो आणि ‘कुक्-कुक्’ करत कोंबड्यांना बोलावतो. त्या टिपत असतात तेव्हा याची मान वर आणि एक डोळा आभाळाकडे. घार दिसली की तो बारीक, लांबट आवाज काढतो आणि कोंबड्या झुडपात शिरतात. कुत्रं किंवा मुंगूस जमिनीवरून आलं तर तुटक, मोठा कलकलाट करतो. तेव्हा त्या माना ताठ करून सावध होतात. हे दोन इशारे वेगळे असतात, आणि कळपाचा जीव त्यांवर वाचतो. माणसाच्या पायावर झेपावणारा कोंबडा कितीही देखणा असो, घेऊ नका. ती खोड पिलांतही उतरते.

पण इशारा मिळून लपायला जागाच नसेल तर काय उपयोग? झाडून लख्ख केलेल्या अंगणात पिलू घारीला आयतंच सापडतं. कर्दळीचा ताटवा, तुरीची ओळ, उभी बैलगाडी, काहीतरी आडोसा हवा.

रात्री मात्र कोंबड्यावर विसंबू नका. अंधारात त्यालाही दिसत नाही. रानमांजर, कोल्हा तेव्हाच येतात. दिवेलागणीला खुराड्याची कडी आपण लावायची. षटकोनी कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवते, मुंगसाला अडवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्ड जाळी लावा आणि फूटभर जमिनीत गाडा. मुंगसाला विष किंवा फासा लावू नका; १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

कोंबडा दीड-दोन वर्षांनी बदला, नाहीतर त्याच्याच लेकी त्याच्यासोबत वाढतात आणि पुढची पिढी कमजोर निघते. नवा दुसऱ्या गावातून आणा, दोन-तीन आठवडे वेगळा ठेवा. मानमोडी येते ती बरेचदा अशा पाहुण्याबरोबरच. जुन्याचं बीज कोंबडीच्या पोटात दहा-पंधरा दिवस टिकतं. म्हणून जुना काढून तीन आठवडे झाल्यावरचीच अंडी उबवायला राखा. खुडूक कोंबडीखाली ती कशी बसवायची, ते पुढच्या आठवड्यात.