रंग राखणारे बी

टोमॅटो म्हटला की तो लालच असावयाचा, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु ज्या इटलीच्या स्वयंपाकाचे टोमॅटोवाचून चालत नाही, तिने त्याला दिलेले नाव आहे ‘पोमोदोरो’, म्हणजे सोन्याचे सफरचंद. अमेरिका खंडातून आलेल्या या फळाचे वर्णन मात्तिओली या इटालियन वैद्याने १५४४ साली केले, तेव्हा पिकल्यावर सोनेरी होणाऱ्या फळाची नोंद त्याने केली होती. तो रंग भाषेत तर राहिलाच, पण पिवळ्या टोमॅटोच्या जुन्या वाणांतूनही तो टिकून आहे.

इटलीच्या परसबागांत असे अनेक रंग आढळतात. व्हेनिसजवळच्या किओज्जा या कोळ्यांच्या गावाचे नाव मिळालेले बीट कापले, तर आत गुलाबी व पांढरी वर्तुळे एकाआड एक दिसतात. फ्लॉरेन्सचे वांगे गोल आणि फिकट जांभळे असते. बोर्लोत्ती घेवड्याच्या दाण्यांवर तांबडे शिंतोडे उठलेले असतात.

हे रंग टिकतात ते बी राखल्यामुळे. संकरित वाणाचे पहिले पीक जोमदार व एकसारखे येते. पण त्याचे बी पुन्हा पेरले, तर गुण विखुरतात. पारंपरिक वाणाचे तसे नाही. टोमॅटोचे व घेवड्याचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून त्यांचे बी मूळ वाणावरच जाते. भोपळ्याच्या कुळातील झुकिनीची नर व मादी फुले मात्र वेगवेगळी असतात, आणि मधमाशी कोठलाही पराग आणून घालते. म्हणून जाणता बागाईत उमलू पाहणाऱ्या कळ्या आदल्या संध्याकाळीच बांधून ठेवतो, सकाळी त्याच वाणाच्या नर फुलाचा पराग मादी फुलाला लावतो आणि ते पुन्हा बांधतो.

टोमॅटोचे बी धरणे त्याहून सोपे. निरोगी झाडावरचे पूर्ण पिकलेले फळ घ्यावे, बी गरासह थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस आंबू द्यावे. बियांभोवतीचा बुळबुळीत पापुद्रा सुटला की तळाशी बसलेले बी धुऊन सावलीत वाळवावे.

एवढ्याशा कामाचे मोल इटलीला एकदा चांगलेच कळले. व्हेसुव्हियसच्या परिसरातील सान मार्झानो हा लांबट टोमॅटो जगप्रसिद्ध. १९७० नंतरच्या दोन दशकांत विषाणुजन्य रोगामुळे आणि नव्या संकरित वाणांच्या चढाओढीमुळे त्याची लागवड कमालीची घटली. मग जुन्या बियांतून निवड करून वाण पुन्हा उभे करण्यात आले, आणि १९९६ साली त्याच्या नावाला युरोपीय संघाचे संरक्षण लाभले. महाराष्ट्रातही गावरान वाणांची बीजबँक उभारणाऱ्या अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांना २०२० साली ‘पद्मश्री’ जाहीर झाली, ती याच कामासाठी.

बी धरण्याला मोठे शेत लागत नाही; परसातील चार वाफेही पुरतात. मात्र हंगामातले सर्वांत देखणे फळ ताटात न घेता, ते झाडावरच पूर्ण पिकू देण्याचा संयम हवा.